अडीच वर्षांचा शब्द

मिलिंद,

त्या दिवशी मला सगळं आठवत होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या तुला तर नाहीच. शाळेच्या व्हरांड्यात कोण कुठे बसलं होतं, दादा नेमकं काय बोलला, त्यावर तू काय म्हणालास, सगळं डोळ्यांसमोर होतं. तरी भर ग्रामसभेत, फोनवरून, मी म्हणालो, "माझ्यासमोर तसं काही ठरल्याचं मला आठवत नाही."

तू जाऊन महिना होत आला. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला एकदा क्रमाने सांगू दे. मी ते ओळीने कधी उच्चारलेलंच नाही, स्वतःशीसुद्धा.

ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन गेली होती. निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडायचा होता आणि माझ्या थोरल्या भावाला, दादाला, दोन मतं कमी पडत होती. ती दोन मतं तुझ्याकडे होती. एक तुझं, दुसरं बौद्धपुऱ्यातूनच निवडून आलेल्या शांताबाईंचं. समोरच्या गटाने तुला उपसरपंचपद देऊ केलं होतं, लगेच आणि पूर्ण पाच वर्षांसाठी. दादाने देऊ केलं ते मोठं होतं, पण पुढच्या वायद्याचं. पहिली अडीच वर्षं तो सरपंच, मग त्याने राजीनामा द्यायचा आणि उरलेली अडीच तू.

असले करार आपल्याकडे कागदावर होत नाहीत, कायदा ते मानतच नाही. म्हणून लोक देवळात जातात, बेल उचलतात आणि शपथ घेतात. त्या दिवशीही कुणीतरी म्हणालं, चला मारोतीसमोर. तू जागचा हलला नाहीस.

"म्या मारोतीची शपथ घेतली तं तिले काही अर्थ नाही," तू म्हणालास. "आन तुम्ही घेतली, मंग मोडली, तं मी कोणाकडं जाऊ? मारोतीकडं तक्रार द्यायले?"

सगळे हसले. दादाही हसला. "मंग कसं करतं?"

"मधात एक माणूस ठेवा." तू माझ्याकडे हात केलास. मी सुटीवर आलो होतो, कोपऱ्यात नुसता बसलो होतो. "हा हाये ना जयपूरवाला. याले ना सरपंच व्हायचं, ना ठेका घ्यायचा."

"अबे, माह्याच भावाले साक्षीदार करतं?"

"तुमचा भाऊ म्हणून नाही. माह्यासंगं पाचवीपासून एका बाकावर बसला म्हणून."

मग दादाने सगळ्यांसमोर शब्द उच्चारले, अडीच वर्षं, राजीनामा, मग मिलिंद. तू मला विचारलंस, "अन्या, आयकलं?" मी म्हणालो, "हो, ऐकलं." माझ्याकडून कुणी शपथ घेतली नाही. मी फक्त हो म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी तुझे आणि शांताबाईंचे हात दादासाठी वर झाले.

खरं तर मला मध्ये घेणं तुझ्याच म्हणण्याच्या उलट होतं. आपला तो जुना वाद. गावच्या मतदारयादीतून माझं नाव काढायला हवं असं तू दरवेळी म्हणायचास. "इथलं पाणी पीत नाही, इथल्या नालीतून चालत नाही, मंग इथं मत कायले?" मी म्हणायचो, माझं घर आहे इथे. तू म्हणायचास, "घर दादाचं हाये, तुह्यी खोली हाये." मी चिडून म्हणायचो, तुलाही पोस्टात लागायची संधी होती, तेव्हाच निघाला असतास तर आज कुठे असतास. त्यावर तुझं एकच उत्तर. "सगळेच गेले तं ग्रामसभेत हात कोण वर करन?" हा वाद आपला कधी मिटलाच नाही. मला अजूनही वाटतं तू जायला हवं होतंस. पण आता मी तसं म्हणण्यात मला माझीच सोय दिसते. तू गेला असतास तर माझी परीक्षा झाली नसती.

तुला सरपंचपद कशासाठी हवं होतं तेही मला माहीत होतं. गावच्या टाकीतून निघालेली पाइपलाइन सगळं गाव फिरून शेवटी बौद्धपुऱ्यात यायची, आणि पोचेपर्यंत नळातून नुसती हवा यायची. तुला टाकीपासून सरळ एक वेगळी लाइन आणायची होती. तिचा रस्ता तू मला दोन-तीनदा चालून दाखवला होतास, इथून असं, या लिंबाखालून असं. आणि दुसरं कारण होतं झेंडा. पंधरा ऑगस्टला पंचायतीसमोर सरपंच झेंडा चढवतो. तेव्हा तुझी माय होती. "माय म्हणते, दोरी तू ओढजो, मी खाली उभी राहून पाहीन." हे सांगताना तू लाजला होतास. तुला लाजताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

अडीच वर्षं उलटली. दादा राजीनाम्याचं नाव काढेना. तू आधी त्याला एकट्यात विचारलंस, मग सदस्यांसमोर, आणि शेवटी विषय ग्रामसभेत न्यायचं ठरवलंस.

आदल्या संध्याकाळी मला दादाचा फोन आला. त्याने आधी फोन आईला दिला. आईने माझ्या गुडघ्याची चौकशी केली, पोरीच्या अभ्यासाची केली, आणि म्हणाली, "दादानं नवा पलंग आणला मले. खाली बसता येत नाही ना आता." मग दादा बोलला.

"उद्या ग्रामसभेत मिलिंद विषय काढन. तुले फोन करतीन. मले सहा महिने पायजेत. पाण्याच्या योजनेचं काम अर्ध्यात हाये, सही बदलली का ठेकेदार पळते. काम झालं का मी सोताहून राजीनामा देतो, तुह्यासमोर."

"मग मी काय सांगू?"

"आठवत नाही म्हणजो. आठवत नाही म्हणणं काही खोटं नसते."

मिलिंद, मी कितीतरी वर्षं जयपुरात आहे. आईची दुखणी, दवाखाना, तिचं उठणं-बसणं, सगळं दादा आणि वहिनी बघतात. मी सणाला जातो, साडी नेतो, फोटो काढतो आणि परत येतो. यातलं दादाने काहीही बोलून दाखवलं नाही. आईने पलंगाचं सांगितलं तेवढंच मला पुरलं. मी स्वतःला समजावलं, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, मिलिंदचं सहा महिन्यांनी काय बिघडणार.

दुसऱ्या दिवशी मी जयपुरात, झालान्याच्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. मागच्या जंगलातली माकडं खिडकीशी येतात म्हणून आम्ही खिडक्या लावून जेवतो, तशा लावलेल्या होत्या. फोन वाजला. ग्रामसेवकाने विचारलं, "अनिलराव, सरपंचपदाच्या वाटणीबद्दल तुमच्यासमोर काही ठरलं होतं का?" फोन माइकला लावलेला होता. मी बोललो ते वाक्य लाऊडस्पीकरमधून फिरून माझ्याच कानात आलं, थोडं उशिरा, थोडं मोठ्याने. मी ते दोनदा ऐकलं. मागे कुणीतरी हसलं. मग लांबून तुझा आवाज आला.

"बरं. ठेव आता. जेवून घे."

तिथे पोराटोरांसमोर तुझं हसं झालं होतं, आणि माझी जेवणाची वेळ आहे हे तुझ्या लक्षात होतं. त्याचा मला अजूनही राग येतो.

सहा महिने झाले. योजनेचं काम झालं, उद्घाटनाचा नारळ फुटला, दादाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. राजीनामा आला नाही. मी फोन केला, म्हटलं दादा, आता. तो शांतपणे म्हणाला, "कायचा राजीनामा?"

"दादा, ठरलं होतं ना."

"तूच तं भर सभेत सांगितलं, असं काही ठरलं नाही म्हणून. तुलेच आठवत नाही, मंग मले कसं आठवन?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट तो हसला, लहानपणी पत्त्यांत मला फसवून हसायचा तसा. माझ्या सख्ख्या भावाने माझंच खोटं माझ्यासमोर धरलं आणि त्याच्याआड आरामात बसला. मी फोन ठेवला. त्याला उलट उत्तर द्यायचं तर आधी मी खोटं बोललो असं म्हणावं लागलं असतं. ते मला जमलं नाही. त्यापुढे आम्ही दोघं भाऊ आईच्या गोळ्यांबद्दल आणि हवापाण्याबद्दल बोलत आलो आहोत.

दादाने मला दगा दिला हे खरं आहे. पण ते मी ज्याला सांगितलं असतं, तो माणूस तू होतास. आमच्या घरात कुणी माझ्यावर अन्याय केला की मी पाचवीपासून तुझ्याकडेच येत होतो. तो रस्ता मी स्वतः बंद केला होता.

तुला गावात नाव पडलं, अडीचवाले. "काय अडीचवाले, झेंडा कधी?" सुटीत गेलो तेव्हा पानटपरीवर मी हे स्वतः ऐकलं. तू पाठमोरा होतास. तू वळून म्हणालास, "चुना कमी लाव बे, तोंड भाजते," आणि पान घेऊन गेलास. मी रसवंतीच्या आडोशाला उभा होतो. मी पुढे आलो नाही. त्याच वर्षी तुझी माय गेली.

मग पंचायतीचा अभ्यासदौरा निघाला, राजस्थानातल्या कुठल्याशा गावातलं पाणी अडवण्याचं काम बघायला. परतताना तुमची बस जयपुरात थांबली. दादा काही कारण सांगून गावातच राहिला होता. तुझा फोन आला, "तुह्या शहरात आलो बे. झोटवाड्याच्या धर्मशाळेत हाये. पत्ता सांग." मी म्हटलं घ्यायला येतो. तू ऑटोने मालवीय नगरला येऊन दारात उभा. "ऑटोवाल्याले म्हटलं, भैया, मालवीय नगर. तो म्हणे, सेक्टर कौनसा? म्या म्हटलं, जिथं अनिल राहते तो. तो म्हणे, अनिल तो यहाँ बहुत हैं."

सुनीताने बाजरीची भाकरी केली होती. "वयनी, बाजरी थंडीपुरती ठीक हाये, पन माणसानं ज्वारी सोडू नये," असं म्हणत तू तिसरी घेतलीस. तू राजस्थानच्या त्या गावातल्या तळ्याबद्दल सांगत होतास, तिथली सरपंच बाई घुंघट घेऊन इंजिनिअरला कशी झापत होती त्याची नक्कल करत होतास. आम्ही हसत होतो. मला वाटायला लागलं होतं, तू ते मागे टाकलंस. मी ठरवलं होतं, जेवण झालं की बोलायचं.

तेवढ्यात आमची ईशा बोलली. तिचं मराठी तुला माहीत आहे. "काका, तुम्ही सरपंच झाले ना? बाबा बोलले होते, आधी दादाकाका, फिर तुम्ही. मतलब ढाई-ढाई साल."

करार झाला त्या सुटीवरून परत आल्यावर मी घरात ते सांगितलं होतं. कौतुकाने सांगितलं होतं, मिलिंद सरपंच होणार, मी साक्षीदार आहे. फोनचं मात्र पुढे कधी बोललो नाही. सुनीताला वाटत होतं, राजकारणात काहीतरी बदललं असेल.

तू भाकरीचा तुकडा मोडलास, तो भाजीत बुडवलास आणि तसाच धरून ठेवलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. ईशाकडे बघून म्हणालास, "कायचा सरपंच, बेटा? मले तं काही आठवत नाही."

सुनीताने तुला आणखी भाजी वाढली. तिला काही कळलं नाही. मला सगळं कळलं. तोपर्यंत तुला निदान शंका घ्यायला जागा होती, की याला खरंच आठवत नसेल, बाहेर राहतो, विसरला असेल. माझ्या पोरीने ती जागा पुसली. त्या क्षणापासून तुला पक्कं माहीत होतं.

मी तुला खाली ऑटोपर्यंत सोडायला आलो. "मिलिंद, त्या दिवशी..." एवढंच बोललो. तू मध्येच म्हणालास, "इथं मीटर लावत नाहीत का बे ऑटोवाले?" मग बसल्यावर वाकून म्हणालास, "तुह्या मायकडं लक्ष ठेवजो. दादा एकटा करते." म्हणजे मी का बोललो तेही तुला समजलेलं होतं.

याबद्दल मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू मला दोन कानफटात द्यायला हव्या होत्या. सुनीतासमोर विचारायला हवं होतंस, तुह्या पोरीले माहीत हाये, तं तुले कसं नव्हतं? मला उत्तर द्यावंच लागलं असतं. तू मला सोडून दिलंस, आणि सोडून देताना माझंच वाक्य माझ्या ताटाशेजारी ठेवून गेलास. माफी मागायच्या आधीच माफ करून टाकणं हा मला त्या वेळी मोठेपणा वाटला नाही, आजही वाटत नाही. मला वाटलं, तू आता माझी गणती मित्रांत करत नाहीस, म्हणून वाद घालत नाहीस. वाद तू फक्त आपल्या माणसांशी घालायचास. मला तो दगा वाटला. मी तुझ्याशी जे केलं त्यानंतर हा शब्द वापरायचा मला हक्क नाही, हे कळतं. पण वाटलं ते तेच.

आणि मग तू गेलास, विषय तसाच ठेवून.

तुझ्या थोरलीने, प्रज्ञाने, फोन केला. दवाखान्यात नेताना वाटेतच, म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्यसंस्कार होते. मी म्हणालो, रिझर्व्हेशन मिळत नाहीये बेटा. मी रिझर्व्हेशन बघितलंच नव्हतं. मी अंत्ययात्रेत कुठे चालायचं, दादाशेजारी की तुझ्या लोकांत, हे मला ठरवता येत नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. पंचायतीची मुदत संपली आहे, निवडणूक येते आहे. बौद्धपुऱ्यातले लोक तिला उभी राहा म्हणतात. ती शिकवणीचे वर्ग घेते, पोरं तिचं ऐकतात, बायाही ऐकतात. वेगळ्या लाइनचं ती पुन्हा मांडणार आहे. दादाच्या योजनेत नळ नवे आले, पण पाणी अजून गाव फिरूनच येतं.

"पण काका," ती म्हणाली, "समोरचे आत्तापासूनच म्हणतात, अडीचवाल्याची पोरगी. बापानं खोटं सांगितलं, ही काय खरं सांगणार. मी घरी विचारलं होतं बाबांना. ते शेवटपर्यंत म्हणायचे, अनिल खोटं बोलणार नाही, माझ्याच ऐकण्यात फरक झाला असंन. मला तुम्हाला एकदा विचारायचं होतं. बाबा खरंच चुकले होते का? चुकले असतील तर मी तसं सांगीन लोकांना, काही हरकत नाही. पण मला माहीत असलेलं बरं."

जयपूरला येऊन गेल्यावरही तू घरात हेच सांगत राहिलास. तुला पक्कं माहीत असताना. गावाने तुला खोटारडा म्हटलं ते तू घेतलंस, आणि घरी स्वतःला बहिरा ठरवून मला खरा ठेवलंस. तुझ्या पोरीच्या नजरेतून मी उतरू नये म्हणून तू स्वतः खाली बसलास. मिलिंद, हे ऐकून मला रडू आलं, आणि तितकाच संतापही आला. कुणासाठी ठेवलंस हे? मी त्या लायकीचा नव्हतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

आणि मी प्रज्ञाला काय उत्तर दिलं असेल? म्हणालो, "जुनी गोष्ट आहे बेटा. आठवून सांगतो."

ती म्हणाली, "बरं काका," आणि फोन ठेवला. तिचं ते "बरं" अगदी तुझ्यासारखं होतं.

तेव्हापासून मी स्वतःला विचारतो आहे की मी कशाला भितो. इतकी वर्षं मी आईचं कारण पुढे केलं. पण मी उद्या गावात उभं राहून दादाला खोटं पाडलं तरी तो आईचं काही कमी करणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. दादा लबाड असेल, पण आईच्या बाबतीत तो माझ्याहून चांगला मुलगा आहे. मग भीती होती ती एवढीच, की त्या घरातली माझी खोली जाईल. वर्षातून दहा दिवस माझी असलेली ती खोली राखायला मी तुझं नाव घालवलं.

हे लिहिलेलं इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापून येईल. सुनीता आणि ईशा वाचतील, ऑफिसातले दोघं-तिघं वाचतील, हळहळतील. गावात हा अंक जात नाही. तेव्हा हे काही फेडल्यात जमा धरू नकोस, मीही धरत नाही.

प्रज्ञाला मी अजून फोन केलेला नाही. तिचे वडील चुकले नव्हते, मी खोटं बोललो होतो, हे तिला सांगणं बाकी आहे. ते झाल्यावर गावी जायचं, निवडणुकीआधीच्या ग्रामसभेत, दादा समोर बसलेला असताना, माइक हातात घेऊन हेच सगळ्यांना सांगायचं, तेही बाकी आहे. ही दोन्ही कामं माझी आहेत आणि आजच्या तारखेला यातलं एकही झालेलं नाही.